अर्धी कॅप्सूल

१२ जानेवारी

ताई,

वर नमस्कार लिहू की आणखी काही, या घोळात तीन कागद फुकट घालवले. पंधरा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे याला पैसे हवेत, असंच तू म्हणणार. म्हणून आधीच सांगतो, पैसे नकोत. पत्ता बाबांच्या जुन्या वहीत सापडला. तू घर बदललं असशील, तर हे जो कोणी वाचतोय त्याने कृपा करून फाडून टाकावं आणि आपल्या कामाला लागावं.

मी अजून घड्याळंच दुरुस्त करतो. दुकान जिन्याखाली, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. दुरुस्त करतो म्हणजे काय, बॅटऱ्या बदलतो आणि पट्टे कापून देतो. महिन्यातून एखादा म्हातारा चावीचं घड्याळ घेऊन येतो, तेव्हा मला कोण आनंद होतो. बाकी हात शाबूत आहेत. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंग अजून एका दमात बसवतो.

तुला भाची आहे, तेरा वर्षांची. आम्ही तिला खारू म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही आणि तिच्या खिशात कायम काहीतरी कुरतडायला असतं. ती तीन वर्षांची असताना तिचे हातपाय अचानक सुजले. पुढचं तू ओळखलंच असशील. आयुष्यभर रक्ताच्या प्रयोगशाळेत काचा पाहिल्यास, तुला काय सांगायचं? सिकलसेल. तिच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरांमध्ये अडकतात, आणि मग पोर अशी किंचाळते की शेजारी दार वाजवतात.

औषध चालू आहे. चौदा महिने झाले. हायड्रॉक्सीयुरिया, तुला नाव माहीत असणार. पहिल्या दोन बाटल्या इस्पितळाच्या खिडकीवर फुकट मिळाल्या. तिसऱ्या वेळी गेलो तर खिडकीवर पाटी, साठा नाही. चौथ्या वेळी खिडकीच बंद. तेव्हापासून बाहेरून घेतो.

आता मुद्द्याचं. एकाच औषधाला तीन दुकानांत तीन भाव कसे? इस्पितळासमोरचा केमिस्ट एका बाटलीला मागतो तेवढ्यात माझ्या साठ बॅटऱ्या विकल्या जातात. चौकातला चाळीस बॅटऱ्यांवर येतो, पण म्हणतो, कंपनी वेगळी आहे, डॉक्टरांना विचारा. तिसऱ्याकडे पंचविसात पडतं, पण त्याच्याकडे कधी असतं, कधी नसतं. आतली पूड एकच ना? मग हा भाव ठरवतं कोण? आणि औषध एक वेळ परवडलं, पण त्याच्या मागून रक्ताच्या तपासणीचं लचांड येतं, डॉक्टरांची फी येते, जायचं-यायचं भाडं येतं, माझं दुकान बंद, हिचा लॉन्ड्रीतला रोज बुडाला. बाटलीवर जी किंमत छापलीय ती नुसती सुरुवात आहे. हे कोणी आधी सांगत नाही.

त्यात डॉक्टरबाई म्हणतात, खारूला औषध हवं तसं लागू पडत नाहीये. मध्यंतरी डोस वाढवला होता, आता आणखी वाढवलाय, रोज दोन कॅप्सूल. म्हणजे बाटली पंधरा दिवसांत संपणार.

एवढंच विचारायचं होतं, काही शरीरांना औषध लागूच पडत नाही, असं असतं का? सहज विचारतोय. खारू औषध रोज घेते, एकही दिवस चुकत नाही.

बारक्या

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. ख्यालीखुशाली नाही, रुसवा नाही, पाच प्रश्न आणि खाली सही. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं बघ. घे उत्तरं.

वजन तेहतीस किलो. कॅप्सूल पाचशेची, आधी एक, मग एक दिवस एक आणि एक दिवस दोन, आता रोज दोन. औषध मी देतो. सकाळी ही सहाला लॉन्ड्रीत जाते, त्यामुळे खारूचं सगळं माझ्याकडे. कॅप्सूल पेल्याजवळ वाटीत ठेवतो, ती गिळते, मी तक्त्यावर खूण करतो. तक्ता मी स्वतः आखलाय, पट्टी लावून, प्रत्येक दिवसाला एक चौकोन. चौदा महिन्यांत एकही चौकोन रिकामा नाही. डॉक्टरबाईंना तो इतका आवडला की त्यांनी एका महिन्याचा मागून घेऊन तपासणीच्या खोलीत भिंतीला लावला. दुसऱ्या आईबापांना दाखवतात, औषध द्यावं तर असं. मी तिथे बाकावर बसलेला असतो आणि लोक वळून बघतात. मला कुठे तोंड लपवू असं होतं.

चौथा प्रश्न पेशींच्या आकाराचा. तू म्हणतेस, हे औषध नीट पोटात गेलं की लाल पेशी हळूहळू फुगतात, आणि तो आकडा रिपोर्टात असतो. सगळे रिपोर्ट काढून बघितले. आकडा जिथल्या तिथे आहे. अगदी किंचित वर, मग पुन्हा तिथेच.

पाचवा प्रश्न वाचून मात्र माझं डोकं फिरलं. "सगळं औषध तिच्या पोटात जातं का?" म्हणजे काय? म्हणजे मी खोटारडा? तू तिकडे बसून आकडे वाचणार आणि मी इथे चोर ठरणार? डॉक्टरबाईंनी कधी असं विचारलं नाही. त्या विचारतात, "रोज देता ना?" मी म्हणतो, "रोज." यात खोटं काय आहे?

असो. आवाज चढवला, माफ कर. कागदावर आवाज चढतो हेही आजच कळलं.

पंधरा वर्षांपूर्वीचं तू काढलं नाहीस, म्हणून मीच काढतो. तू म्हणाली होतीस, आपल्या घराण्यात हा दोष आहे, काकांचा मुलगा त्यानेच गेला, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम होतं. सगळी माणसं बसलेली. आणि मी म्हणालो, स्वतःचं जमलं नाही म्हणून माझं मोडायला निघालीस. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. मला वाटलं संध्याकाळपर्यंत येशील.

आम्हा दोघांच्याही रक्तात ते निघालं, खारूच्या वेळी तपासलं तेव्हा. ही म्हणाली, "तुमच्या बहिणीला कळवा." मी कळवलं नाही. तू बरोबर निघालीस याचाच राग आला होता मला. असा माणूस आहे मी.

बारक्या

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझे पैसे आले. सोबत एकच ओळ, "हे औषधाला, दुसऱ्या कशाला नाही." अंगाचा तिळपापड झाला. मी काय जुगार खेळतो? परत पाठवायला निघालो होतो. फॉर्मसुद्धा भरला होता.

पण त्याच आठवड्यात खारूला दुखणं आलं. शाळेतून चालत घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, मांडीत आलंय." आधी मांडी, मग कंबर, मग छाती. तू काचेवर पेशी बघितल्यास, पोर बघितलं नाहीस. ती उशी चावते. चावून चावून उशीला भोक पडलंय. हातही लावू देत नाही, पांघरुणाचंही ओझं होतं. पाच दिवस इस्पितळात होतो, नाकाला प्राणवायूची नळी, हातात सलाईन. तिसऱ्या दिवशी जरा शांत झाली तेव्हा मला म्हणते, "बाबा, माझ्यात काहीतरी जास्तच बिघडलेलं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या भावाला हेच औषध आहे, तो फुटबॉल खेळतो."

मी म्हणालो, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

ही बाकावर बसून रडत होती. मला म्हणाली, "तुम्ही एवढं जिवापाड करता, रोजच्या रोज देता, आणि तरी." मी उठून पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ नळापाशी उभा राहिलो.

त्या पाच दिवसांचं बिल औषधाच्या वर्षभराच्या खर्चाएवढं झालं. हसू नकोस. हा हिशेब मला आधी कळायला हवा होता. औषध महाग वाटलं, कारण ते दर महिन्याला समोर उभं राहतं. ते न दिल्याची किंमत एकदम येते आणि तिची पावती दुसऱ्याच खिडकीवर फाटते.

तुझे पैसे परत नाही पाठवले. घरी सोडल्याबरोबर इस्पितळासमोरच्या केमिस्टकडून चार बाटल्या घेतल्या. त्याने दोनदा मोजून दिल्या, मी तिसऱ्यांदा मोजल्या. आता दोन म्हणजे दोन, पूर्ण. कालपासून सुरू केलं. तू बघ आता कशा पेशी फुगतात.

डॉक्टरबाईंनी दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलंय. तूही तेच लिहिलंस, खाली दोन रेघा मारून. करतो. मार्चअखेरीला करतो, तोवर दुकानाचं भाडं तरी देऊन होईल.

बारक्या

१६ मार्च

ताई,

आधी चांगलं सांगतो. तीन आठवडे खारूला कुठेही दुखलेलं नाही. परवा जिना चढून दुकानाच्या वरच्या गच्चीवर गेली. ही म्हणाली, "लागू पडलं हो शेवटी!" आणि देवाला हात जोडले. मीही जोडले.

तुझी दोन पत्रं एकदम आली. दोन्हींत तेच, रक्त तपासलं का. ताई, तू जन्मभर सुया टोचल्यास म्हणून तुला सगळं सुईनेच कळतं असं वाटतं. पोरीकडे बघितलं की कळतं ना. मी गेलो होतो तपासणीला, तिथे ही रांग. एका तासात दोनच माणसं पुढे सरकली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला त्याच्या वडिलांचं घड्याळ द्यायचं होतं, शब्द दिला होता. आलो परत. पुढच्या आठवड्यात करतो.

बारीकसारीक तक्रारी आहेत. तोंड आलंय. तिखट तर सोडच, साधं दूधही झोंबतं म्हणते. उष्णता असेल. पायांवर दोन-तीन निळे डाग दिसले. विचारलं तर म्हणाली, कुठे आपटलं ते आठवत नाही. मुलं आपटतातच. आणि दात घासताना थोडं रक्त येतं. मी ब्रश बदलला, मऊ आणला.

हे तुला का लिहितोय ते मला माहीत नाही. हिला डागांचं सांगितलेलं नाही.

तुला एक विचारतो. एखाद्याला बरेच दिवस औषध कमी मिळत असेल आणि नंतर ते एकदम पूर्ण मिळायला लागलं, तर शरीराला सवय व्हायला वेळ लागतो का? म्हणजे आपलं, उदाहरणार्थ.

बारक्या

२१ मार्च, दुपारी पाऊण वाजता

ताई,

इस्पितळातून लिहितोय, जिन्याखालच्या बाकावरून. माझं सगळं आयुष्य जिन्यांखालीच जाणार असं दिसतं.

खारूला काल सकाळपासून ताप आहे. भरपूर आहे. इथे आणल्याबरोबर रक्त घेतलं, आणि तासाभराने डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, रक्त गोठवणाऱ्या पेशीही अगदी कमी. कॅप्सूल बंद केल्यात, सलाईनमधून प्रतिजैविकं चालू आहेत. खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधावं लागतं.

आता नीट वाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा डोस ती दोन महिन्यांपासून घेतेय. त्याआधीही वर्षभर हेच औषध चालू होतं आणि रक्तावर काही परिणाम नव्हता. सहन होत होतं, मग आता एकाएकी असं का कोसळावं? मला हे औषधाचं वाटत नाही. हाडातल्या मज्जेचाच काही मोठा आजार नाही ना, ते बघावं लागेल." चार वाजता कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढणार आहेत. रक्त गोठत नाही म्हणून आधी बाहेरून पेशी चढवायच्या. मोठ्या आजाराचं नाव त्यांनी हिच्यासमोर घेतलं नाही, पण ही काही खुळी नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "औषध लिहिल्याप्रमाणे पूर्ण देत होतात ना?" ही शेजारी उभी, नर्स उभी, आणि त्यांच्या तपासणीच्या खोलीत माझा तक्ता भिंतीवर. मी म्हणालो, "हो."

ताई, मी देत नव्हतो.

चौथ्या बाटलीपासून निम्मंच देतोय. खिडकी बंद झाली तेव्हा एक पूर्ण बाटली घेतली, आणि त्या महिन्यात भाडं थकलं. मग एका दुपारी दुकानात एक कॅप्सूल घेऊन बसलो. तुला माहितीये माझं, जे बंद असतं ते मला उघडावंसं वाटतं. भिंग लावलं, चिमट्याने टोपण काढलं, पूड काचेवर घेतली. पात्याने बरोबर मध्ये रेघ मारली. अर्धी पूड परत भरली. उरलेल्या अर्धीसाठी रिकाम्या कॅप्सूल शंभराच्या पाकिटात मिळतात, जडीबुटीवाला विकतो. हाताला हलकी लागू नये म्हणून वर पिठीसाखर भरली. चिमटीत धरून बघितलं, फरक कळेना. काय खूश झालो होतो मी! एका बाटलीच्या दोन झाल्या. बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलंय, कॅप्सूल उघडू नये. मी म्हणालो, ते अडाण्यांसाठी असेल.

दर रविवारी दुकान अर्धं उघडून बसायचो आणि आठवड्याच्या भरायचो. एकही सांडली नाही. डॉक्टरबाईंनी डोस वाढवला, मी वाढलेल्याचं निम्मं केलं. पेशी हलल्या नाहीत, त्यांनी आणखी वाढवला, मी आणखी निम्मं केलं. त्या बिचाऱ्या माझ्या निम्म्याच्या मागे धावत होत्या आणि मी तक्त्यावर खुणा करत होतो. तक्ता खोटा नव्हता, ताई. रोज देत होतो. हेच मी स्वतःला सांगत होतो.

आणि मग तुझे पैसे आले, आणि ज्या दिवशी मी पहिल्यांदा प्रामाणिकपणे वागलो त्या दिवसापासून पोरीच्या अंगात एकदम दुप्पट औषध जायला लागलं. डॉक्टरबाईंनी तो डोस लिहिला होता तो पिठीसाखर खाणाऱ्या मुलीच्या रक्तावरून. रक्त वेळेवर तपासलं असतं, तर दोन आठवड्यांतच कळलं असतं. तू दोन रेघा मारल्या होत्यास.

म्हणजे हा मज्जेचा आजार नाही. हा मी आहे. हे या इस्पितळात एकट्या मला ठाऊक आहे, आणि चार वाजता तिच्या हाडात सुई जाणार आहे. आता सव्वा वाजलाय.

सांगितलं तर काय होईल? ही माझं तोंड बघणार नाही. पोलिसात देतील? पोर काढून घेतील? दुकान कळकटलेलं, बाप असा. खारू काय म्हणेल? आणि नाही सांगितलं तर सुई जाईल, काही सापडणार नाही, मग दुसरी तपासणी, मग तिसरी. बरी झाली तर तेच औषध पुन्हा त्याच मापाने सुरू करतील, किंवा खारूला लागू पडत नाही, सोसतही नाही, असा शिक्का मारून कायमचं बंद करतील. डॉक्टरबाई आज ओघात म्हणाल्याच, मग ती नवी इंजेक्शनं उरतात. त्यांचा भाव विचारला. बॅटऱ्यांत सांगता येत नाही. दुकान, घर आणि मी, तिघांना विकलं तरी वर्ष निघणार नाही.

तुला फोन करायला हवा. पण फोनवर तू गप्प राहशील, आणि कोणी गप्प राहिलं की मी खोटं बोलतो.

पावणेदोन. मी वर जातोय. हा कागद खिशात ठेवतो. तोंडातून शब्द नाही फुटला, तर हाच त्यांच्या हातात देईन.

बा.

२१ मार्च, संध्याकाळी सहा

ताई,

तू फोनवर फक्त "निघते" म्हणालीस आणि ठेवलास. बरं केलंस. उद्या दुपारपर्यंत पोचशील. तरी लिहितोय, कारण तू दारात उभी राहिलीस की मला हे सांगता येणार नाही. बाकावर बसवून हातात देईन.

शब्द नाहीच फुटला. कागदच द्यावा लागला. डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतील. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "नक्की निम्मं? अंदाजाने की मोजून?" मी म्हणालो, "काचेवर रेघ मारून." म्हणाल्या, "किती तारखेपासून पूर्ण?" तारीख सांगितली. त्यांनी फोन उचलून चार वाजताची सुई रद्द केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घड्याळजी, मी तुम्हाला सोळा वेळा भेटले. सोळा वेळा विचारलं, रोज देता ना. परवडतं का, हे एकदाही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून सगळ्यांना विचारीन. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका." आणि त्यांनी केसपेपरवर लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या.

नंतर त्यांनी सांगितलं की असं औषध कमी दरात मिळवून देणारी माणसं याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतात. मला ते माहीत नव्हतं. एक अर्ज असतो, त्यावर आपल्याला परवडत नाही असं लिहून सही करायची. माहीत असतं तरी मी सही केली असती का, देव जाणे. तुला मी पैसे नकोत असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

हिला मी सांगितलं. खोलीबाहेर, तोंडाला फडकं बांधलेलं असताना. ती ओरडली नाही. म्हणाली, "साखर?" मी म्हणालो, हो. पुन्हा म्हणाली, "साखर?" आणि चालत जिन्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आत जाऊन पोरीच्या पायाशी बसली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. बोलेल असंही वाटत नाही.

ताप अजून उतरलेला नाही. डॉक्टरबाई म्हणतात, औषध बंद झाल्यावर पेशी परत यायला आठवडा लागतो, कधी दोन. तोवर अंगात काही शिरलं तर लढायला कोणी नाही. मगाशी तिचा श्वास जरा जोरात चाललाय असं नर्सला वाटलं, म्हणून छातीचा फोटो काढायला नेलंय. त्यांनी जाताना दार हळू लावलं. मला अशा हळू लावलेल्या दारांची भीती वाटते.

फोटोला नेण्याआधी खारूला मीच सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिला आत्ता सांगायची गरज नाही. पण ती विचारत होती, सुई का नाही टोचली, मला आता काही उपाय उरला नाही का. तिला वाटलं आपल्याला सोडून दिलं. मग मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. काच, चिमटा, साखर. ती टक लावून ऐकत होती. ओठ सोललेले, डोळे तापाने लाल. मी म्हणालो, शिव्या दे. हवं तर मार.

ती म्हणाली, "म्हणजे बाबा, ते तीन आठवडे, तेव्हा खरं औषध होतं?"

मी म्हणालो, "हो. जरा जास्तच, पण खरं."

"आणि तेव्हा मला दुखलं नाही."

"नाही."

"म्हणजे मला लागू पडतं!" ती म्हणाली. "माझ्यात काही जास्त बिघडलेलं नाही. मला लागू पडतं, बाबा." आणि हसली गं ती. ओठ फाटून रक्त आलं तरी हसत होती. मला म्हणाली, बरी झाले की बरोबर मापाने दे, मग मीही खेळेन.

मी मान हलवली. ताई, त्या मानेला काही अर्थ आहे की नाही हे मला त्या फोटोवरून कळणार आहे, आणि त्यांनी अजून तिला परत आणलेलं नाही.

तुझा भाऊ